खंडेनवमी आणि गिटारची दांडी

आमच्या घरात वस्तू मोडत नाहीत, मोडलेल्या सापडतात. कुकरचं हँडल असंच सापडतं, टीव्हीचा रिमोट असाच सापडतो. सापडल्यावर घरातला प्रत्येक जण त्या वस्तूकडे असा बघतो, जणू ती दुकानातूनच तशी आली होती. माझी गिटारही अशीच सापडली.

हडपसरला ऑफिस सुटल्यापासून कर्वेनगरला घरी पोचेपर्यंत माणसात माणूसपण उरत नाही. त्यातून नवरात्राचे दिवस, रस्त्यात जागोजागी मांडव. मी दारात चपला काढल्या आणि बघते तर गिटार दिवाणावर आडवी, अंगावर धुतलेली चादर, आणि शेजारी घडी घातलेल्या नॅपकिनवर तिची दांडी. म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी कवळी काढून ठेवावी, तशी.

ही दांडी म्हणजे काय, ते सांगते, कारण घरात सांगून सांगून माझा घसा बसलाय. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात तो ब्रिज. त्या ब्रिजमध्ये एक वाकडी पोलादी दांडी आट्यांवर फिरवून बसवतात. दांडी दाबली की ब्रिज झुकतो, तारा सैल होतात आणि वाजलेला सूर खाली घसरत जातो. सोडली की परत जागेवर. एवढंच तिचं काम. आता ती बरोब्बर आट्यांपाशी तुटली होती आणि तुटलेलं टोक ब्रिजखालच्या लोखंडी ठोकळ्यात रुतून बसलं होतं.

"कुणी मोडली?" मी विचारलं.

माझे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, पेपर वाचत होते. संध्याकाळी सात वाजता सकाळचा पेपर. "मोडली ती मोडली," ते पेपरामागून म्हणाले. "आता कुणी, हे काढून काय ती सांधणार आहे?"

"चहा टाकू का गं?" स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला.

"मी मीटिंगमध्ये होतो," माझा नवरा सुदर्शन लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला. हा माणूस घरून काम करतो आणि घरात काय झालं ते त्याला कधीच माहीत नसतं.

मला रडू आलं. एरवी आलं नसतं, पण दसऱ्याच्या संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मी वाजवणार होते. कॉलेजात असताना मी खोलीचं दार लावून गिटार वाजवायचे. मग नोकरी, लग्न, घराचे हप्ते. चाळिशी ओलांडल्यावर परत एक जुनी गिटार घेतली आणि तिच्यावर एक चाल बसवली. माझी स्वतःची. तिच्या शेवटी एक लांब सूर आहे. तो वाजवायचा, मग दांडी हळूहळू दाबत न्यायची, आणि सूर उतरत उतरत ऐकू येईनासा होईपर्यंत थांबायचं. बाकीची चाल कुणीही वाजवेल, तो शेवट माझा आहे. या घरात जे जे आलं ते सगळ्यांचं झालं. माझा चार्जर, माझी छत्री, माझा रविवार. ती चाल तेवढी माझी राहिली होती आणि ती पहिल्यांदाच चार लोकांसमोर जाणार होती.

"दांडीशिवाय वाजव ना," सुदर्शन म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

हे वाक्य त्याने त्या आठवड्यात इतक्या वेळा म्हटलं की शेवटी मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तरी तो ते गिळायला लागला.

त्याहून कहर म्हणजे त्याने ही बातमी लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब यांना दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गेटवरच गाठलं. "मॅडम, आपलं वाद्य नादुरुस्त असल्याचं समजलं. तसं असेल तर आत्ताच सांगा. आपल्या जागी उखाण्यांची स्पर्धा घेता येईल. तिला दुरुस्ती लागत नाही."

"माझं वाद्य दसऱ्यापर्यंत ठीक होईल," मी म्हटलं.

"कळवा," ते म्हणाले. "उखाणे तयार आहेत."

मी ऑफिसातून लवकर निघाले आणि गावातल्या एका नावाजलेल्या वाद्यांच्या दुकानात गेले. काउंटरमागे एक गृहस्थ बसले होते. गिऱ्हाईक आल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"या गिटारची दांडी मिळेल का?"

"कंपनी कोणती?"

"नाव पुसलं गेलंय. जुनी घेतली होती."

"मग दांडीही जुनीच शोधा." तरी त्यांनी एक खण ओढला आणि एक चकचकीत दांडी काउंटरवर ठेवली. "ही युनिव्हर्सल आहे. सगळ्यांना बसते."

"पण जुनीचा तुकडा आत अडकलाय."

"मग कुणालाच बसणार नाही."

"तो काढून द्याल का?"

"आम्ही वाद्यं विकतो. दवाखाना समोर आहे."

"अहो, तो माणसांचा दवाखाना आहे!"

"मग स्वतःला दाखवून घ्या. इतक्या जोरात दांडी दाबतं का कोणी?"

"मी मोडलेली नाही!"

"इथे येणारे सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले आणि खण लावून घेतला.

येरवड्याला एक जण गिटारी दुरुस्त करतो असं इंटरनेटवर सापडलं. फोन लावला तर तो नवरात्रभर गावी गेलेला. मी घरी येऊन हे सांगितलं, तर अण्णा एकदम ताठ बसले.

"बाहेर कशाला द्यायची? मी काय मेलोय?"

हे वाक्य आलं की आमच्या घरात पुढचं सगळं ठरलेलं असतं. अण्णा, म्हणजे उत्तरेश्वर, मूळचे बार्शीकडचे. उभी हयात हडपसरच्या एका कारखान्यात टूलरूमला काढली. हात पक्का, नजर पक्की, त्याबद्दल वाद नाही. पण दुरुस्तीबद्दल त्यांचं एकच तत्त्व आहे: वस्तू पुन्हा मोडता कामा नये. त्यामुळे आमच्या बाथरूममधला नळ टपकत नाही, कारण तो उघडतच नाही. बाल्कनीचं दार करकरत नाही, कारण ते अण्णांनी चौकटीला स्क्रू मारून कायमचं शांत केलंय. मिक्सर चालतो, पण त्याच्या डोक्यावर वरवंटा ठेवावा लागतो.

"अण्णा, ही नाजूक वस्तू आहे," मी म्हटलं.

"मायक्रॉनमध्ये काम केलंय मी," ते म्हणाले, आणि गिटार घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरात पाऊल टाकते तर ते माझी वाटच बघत होते. चेहऱ्यावर शोध लागल्याचा आनंद. गिटारच्या तारा उतरवलेल्या, मागचं झाकण काढलेलं, स्प्रिंगा एका वाटीत.

"मुख्य बिघाड सापडला," ते म्हणाले.

"तुकडा निघाला?"

"तुकड्याचं सोड. हा आख्खा ब्रिज हलत होता! प्ले होता यात. मग दांडी मोडणार नाही तर काय होणार? मागच्या पोकळीत सागाची पाचर मारलीय. आता हलवून दाखव."

मी हलवून बघितला. ब्रिज सिमेंटात बसवल्यासारखा घट्ट होता.

"अण्णा, तो हलायलाच पाहिजे!"

"का?"

"त्याच्यासाठीच ती दांडी असते! दांडी दाबायची, ब्रिज हलतो, सूर खाली जातो!"

अण्णांनी माझ्याकडे फार सहानुभूतीने बघितलं. "म्हणजे तारा सुरात लावायच्या, आणि मग मुद्दाम बेसूर करायच्या?"

"हो!"

"आणि हे कंपनीवाले विकतात?"

मी डोकं धरून खाली बसले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि परत आत गेल्या. पाचर काढायला लावली तेव्हा अण्णांनी ती माझ्या आग्रहाखातर काढतोय, यापुढची जबाबदारी त्यांची नाही, असं तीन वेळा सांगितलं.

मग तुकड्याकडे मोर्चा वळला. पण तुकड्यावर तेल सोडलं होतं आणि तेल मुरायला हवं होतं. रोज संध्याकाळी मी विचारायचे, "निघाला का?" आणि रोज उत्तर यायचं, "मुरू दे." लोणच्याला इतका वेळ लागत नाही. रावसाहेब रोज गेटवर "मग, कळवताय ना?" असं विचारत होते. आणि मला एव्हाना खात्री पटत चालली होती की दांडी मोडली ती अण्णांनीच. ज्या माणसाला न बिघडलेला रेडिओसुद्धा उघडून बघावासा वाटतो, त्याने घरात आलेली गिटार सोडली असेल का? म्हणूनच "कुणी मोडली" म्हटलं की ते पेपरात तोंड घालत होते. म्हणूनच बाहेर द्यायला नको होती. मला त्या मोडण्याचा आला नव्हता इतका राग या लपवालपवीचा आला होता.

नवमीला मी रजा टाकली. ठरवलं होतं, अण्णांच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि तुकडा निघाल्याशिवाय उठायचं नाही. आंघोळ करून बाहेर आले तर हॉलमध्ये चौरंग मांडलेला. त्यावर पाने, पकड, करवत, हातोडी, ड्रिल मशीन, सगळ्याला हळद-कुंकू, सगळ्यावर झेंडूचं एकेक फूल. आणि मध्यभागी भिंतीला टेकून माझी गिटार, तारा नसलेली, पोटावर कुंकवाचा टिळा. पायाशी ती मोडकी दांडी, तिलाही फूल.

"अण्णा, आज तुकडा काढायचा होता."

"आज खंडेनवमी," अण्णा हात जोडून उभे होते. "हत्यारांची पूजा झाली. आता त्यांना विश्रांती. उद्या सीमोल्लंघन झाल्यावर हात लावायचा."

"उद्या संध्याकाळी माझा कार्यक्रम आहे!"

"सोनं वाटून आलो की बसतोच."

"सोनं वाटून तुम्ही येता तेव्हा लोक झोपलेले असतात!"

"आमच्या कारखान्यात मालकसुद्धा या दिवशी मशीनला हात लावत नसे."

तिथे माझा बांध फुटला. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. "या घरात माझं म्हणून एक लाकूड आहे! एक! त्यात तुम्ही पाचर मारलीत, यानं त्याची बातमी लिफ्टमध्ये वाटली, आणि ते मोडलं कुणी, हे सांगायला मात्र एकाच्याही तोंडाला जीभ नाही! अण्णा, तुम्हीच उघडून बघत होतात ना? सांगा तरी एकदा!"

सुदर्शन लॅपटॉप मिटून उभा राहिला. अण्णांनी एकवार सासूबाईंकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "मीच मोडली. झालं समाधान?"

"कशाला खोटं बोलता?" सासूबाई एकदम म्हणाल्या. हातातलं निरांजन त्यांनी खाली ठेवलं. "अंबाबाईच्या म्होरं हुबं राहून खोटं बोलायलाय. मी मोडली गं, रुपाली. मी."

सुशीलाबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, इतक्या वर्षांत माझ्या एकाही वस्तूला न विचारता हात लावला नव्हता.

"त्या दिवशी तू ती खालीच ठिवून गेलीस," त्या म्हणाल्या. "चपलांच्या कपाटाला टेकून. हा सुदर्शन मोबाइलात बघत आला आन् तिला ओलांडून गेला. पाय लागला त्याचा. नमस्कारबी केला न्हाई. मला कसंतरीच झालं. माझे वडील गावच्या भजनात वीणा घेऊन हुबे राहायचे. ती वीणा कधी भुईला लागली न्हाई. एक तर त्येंच्या गळ्यात, न्हाईतर खुंटीला. वाद्य भुईवर ठिवत न्हाईत गं. म्हणून मी ती उचलली आन् दाराआडच्या छत्रीच्या खुंटीला लावली. तिला आकडा हायच की. मला वाटलं, अडकवायलाच दिलाय."

मी चौरंगाकडे बघितलं. झेंडूखाली पडलेली ती दांडी. टोकाला वळलेली, पेन्सिलीएवढी जाड. छत्रीची मूठ म्हणून कुणीही शपथ घेतली असती.

"खुंटीला लावली आन् मागं वळते न वळते तोच खाली आली," त्या म्हणाल्या. "ह्येंना सांगितलं तर ह्ये म्हणले, गप बस, मी करतो नीट, कुणाला कळणार न्हाई. पर कार्यक्रम हाय म्हणल्यावर मला रोज जेवण जाईना. तुला सांगावं म्हणून रोज येत हुते दारापर्यंत."

मला हसावं की रडावं ते कळेना. ज्या गिटारला मी चपलांच्या कपाटाशेजारी ठेवत होते, तिला या बाईने मानाने उचलून खुंटीला लावलं होतं आणि त्यातच ती मोडली होती. एवढा आठवडाभर साठवलेला राग, आणि आता तो कुठे ठेवायचा तेच सुचत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "आई, मला आधी सांगायचं होतंत."

"हां," त्या म्हणाल्या. मग त्या चौरंगासमोर बसल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. "आई अंबाबाई, मोडलं माझ्या हातनं, तर उचलतेबी मीच. लागायचं ते मला लागू दे." आणि ड्रिल मशीनवरचं फूल बाजूला ठेवून त्यांनी ते मशीन उचललं आणि अण्णांच्या हातात दिलं.

"अगं, पण विश्रांती..." अण्णा म्हणाले.

"पणबिण काही न्हाई. तुमच्या कारखान्यात मी नव्हते."

अण्णा मुकाट्याने बसले. त्यांच्या पत्र्याच्या डब्याच्या तळातून एक बारीक ड्रिल निघालं, उलट्या धारेचं, डावीकडे फिरणारं. त्याने तुकड्याला मधोमध भोक पाडायला सुरुवात केली की तुकडा त्याच्याबरोबर उलटा फिरून आपसूक बाहेर येतो, असा त्यांचा दावा होता. हे ड्रिल त्यांना आधी का आठवलं नाही, हे विचारायचं मी मोठ्या मुश्किलीने टाळलं. तुकडा आला. खरंच आला. कुंकवासकट. सुदर्शनने टाळी वाजवली.

दुकानातली युनिव्हर्सल दांडी मी घेतलीच नव्हती, म्हणून अण्णांनी जुन्याच दांडीच्या उरलेल्या भागावर नवे आटे पाडले. दांडी पेरभर आखूड झाली, पण फिरवली की गपकन बसली. मी आनंदाने हात पुढे केला.

"थांब," ते म्हणाले. "फिनिशिंग राहिलंय."

फिनिशिंग दसऱ्याच्या दुपारपर्यंत चाललं, मग संध्याकाळपर्यंत. "आणतो हॉलवर, तू हो पुढे," असं म्हणून त्यांनी मला घालवून दिलं. हॉलमध्ये लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते, आणि मी दाराकडे डोळे लावून बसले होते. रावसाहेबांच्या हातात माईक होता आणि नजर उखाणेवाल्या बायकांच्या रांगेवर. त्यांनी माझं नाव पुकारलं आणि नेमके त्याच क्षणी अण्णा आले, गिटार लहान मुलासारखी दोन्ही हातांवर धरून. मला फक्त तारा सुरात लावण्यापुरता वेळ मिळाला. टिळा तसाच होता.

मी वाजवायला लागले. हॉलमधला कलकलाट कमी झाला, पुढच्या रांगेतलं एक मूल पापड खाताखाता थांबलं. चाल सरकत सरकत शेवटाला आली. मी तो लांब सूर वाजवला आणि दांडी दाबायला सुरुवात केली. सूर खाली निघाला, उतरला, अजून थोडा उतरला, आणि मध्येच टक्कन अडला. मी दाबलं. हलेना. अजून दाबलं. जिना उतरताना मधल्याच मजल्यावर कुणीतरी कुलूप लावून ठेवावं, तसं झालं. मी तो सूर तिथेच विरू दिला. दुसरं काय करणार?

टाळ्या पडल्या. बऱ्या पडल्या. रावसाहेब माईकवर म्हणाले, "छान. आता उखाणे." मी खाली उतरले तर सुदर्शन अंगठा वर करून उभा. "बघ! बोललो होतो ना? कुणाला काही कळलं का?"

मी गिटारची वायर गुंडाळायला घेतली. बोलले असते तर सणाचा दिवस घालवला असता. माझी चाल अखेर लोकांसमोर आली होती, तिचा शेवट मात्र आला नव्हता, आणि खरंच, कुणालाच काही कळलं नव्हतं.

घराकडे चालत निघालो. सुदर्शन पुढे, मध्ये अण्णा आणि मी, मागे सासूबाई, मुठीत आपट्याची पानं घेऊन. आमच्या इमारतीच्या दारात आल्यावर त्यांनी माझा दंड धरला.

"आज त्यो खालपर्यंत गेला न्हाई गं."

"काय, आई?"

"शेवटचा सूर. रोज कसा खाली खाली जातो. तू आत वाजवतेस तवा मी भाजी परतायची थांबते तेवढ्यापुरती. त्यो पार खाली गेला, दिसेनासा झाला, की मग झाकण ठिवते. आज मधीच हुबा राहिला. मला झाकण ठिवायचं ऱ्हायल्यावानी वाटलं."

मी तिथेच थांबले. अण्णाही थांबले आणि लिफ्टच्या बटणाकडे लक्ष देऊन बघायला लागले.

"अण्णा," मी म्हटलं, "मागच्या पोकळीत काय घातलंय?"

"पाचर नाही," ते म्हणाले. "स्टॉपर आहे. सागाचा, अगदी पातळ. फार दाबली जाऊ नये म्हणून. नाहीतर पुन्हा मोडेल, आणि पुन्हा हिला जेवण जाणार नाही."

मी फक्त कपाळावर हात मारला.

"काढा तो," सासूबाई म्हणाल्या.

"उद्या सकाळी..."

"आत्ता. दसरा झालाय. हत्यारांची विश्रांती संपली."

घरी आल्या आल्या अण्णांना चौरंगापाशी बसवलं. मागचं झाकण निघालं, स्टॉपर निघाला. तो त्यांनी खिशात टाकला, पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या होत्या, सकाळची बटाट्याची भाजी गरम करत होत्या. कढईत उलथन्याचा आवाज येत होता. मी छोट्या स्पीकरला गिटार जोडली, तो शेवटचा सूर वाजवला आणि दांडी दाबत नेली.

उलथन्याचा आवाज थांबला. सूर उतरत गेला, आणखी उतरला, तळाला गेला, नाहीसा झाला. मग आतून कढईवर झाकण ठेवल्याचा आवाज आला.